स्वल्पविरामाची टिचकी

रोज सकाळी साडेनऊला छापखान्यात पाऊल टाकलं की दाक्षायणी पिशवी खुंटीला अडकवण्याआधी इंग्रजी खिळ्यांच्या केसपाशी, म्हणजे शिशाची अक्षरं ठेवायच्या खणांच्या लाकडी पेटीपाशी, जायची आणि एका खणात हळूच फुंकर मारायची. केसला नव्वदाच्या वर खण होते, फुंकर एकालाच. काडेपेटी मावेल एवढा तो चौकोन. त्यात स्वल्पविरामाचे खिळे असत, बाकीच्या खिळ्यांएवढेच उंच, पण अंगानं काडीसारखे, आणि माथ्यावर शेपटीचं एवढंसं टिंब. धूळ बसली की ते टिंब दिसेनासं व्हायचं.

त्या केसपुढं सिद्धाप्पा जुळारी स्टुलावर बसलेला असायचा. शिशाचे खिळे एकेक वेचून त्यांच्या ओळी लावायच्या, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. फुंकरीची धूळ सरळ त्याच्या तोंडावर जायची.

"अक्का, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढायलीस व्हय?" तो विचारायचा.

"तुमच्या लेकरांपेक्षा ही बरी, अण्णा. ठेवली तिथंच ऱ्हातात," ती म्हणायची आणि आतल्या खोलीत बाइंडिंगच्या चटईवर जाऊन बसायची.

रुद्रप्पांचा हा छापखाना सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या बोळात होता. पायानं चालवायची दोन ट्रेडल छपाईयंत्रं, चार केसी, कागद कापायचं एक जुनं यंत्र आणि भिंतीलगत रॅकवर खिळे जुळवून सुतळीनं बांधून ठेवलेले मजकूर. चादरीची लेबलं, तेलाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकांची ठरलेली वाक्यं, असं जे पुन्हा पुन्हा छापावं लागतं ते सिद्धाप्पा कधी सोडवायचा नाही. तसंच्या तसं बांधून ठेवायचा. त्या रॅकला हात लावायची कुणाची टाप नव्हती, मालकाचीही नाही.

दाक्षायणी मूळची दुधनीची. घरी कानडी, दारात मराठी. अक्कलकोटला आत्याकडं राहून नववीपर्यंत शिकली. त्यात इंग्रजीची दोन वर्षं. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि धाकटी शाळेत जायला लागल्यावर ती छापखान्यात घड्या घालायच्या कामाला लागली. छापलेला कागद समोर येतो, हाडाच्या पट्टीनं त्यावर दाब देत घडी घालायची आणि बाजूला सारायचा. दिवसभर डोळ्यांखालून शब्द जायचे. एखादं वाक्य वाचायला थांबलं की घडी वाकडी पडायची आणि शेजारची शिवबाई म्हणायची, "बाई, ते वाचायसाठी न्हाय, दुमडायसाठी हाय."

तिला चटईवरून उठवलं ते महिपती तात्यांच्या डोळ्यांनी.

तात्या मोडनिंबचे. तीस वर्षं इथं मुद्रितं तपासत होते. छपाईआधी कच्चा कागद काढतात, त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम. एक दिवस त्यांना सहा आणि आठ सारखे दिसायला लागले. मोतीबिंदू. मग असं ठरलं की कुणीतरी शेजारी बसून लेखकाचा मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि तात्यांनी भिंग लावून कच्च्या कागदावर ताडून पाहायचं. मराठी वाचणारे दोघंतिघं निघाले. इंग्रजी कोण वाचतं, असं रुद्रप्पांनी विचारलं तेव्हा चटईवरून दाक्षायणी म्हणाली, वाचते, समजत न्हाय.

पहिल्या दिवशी तिनं एका शाळेच्या अहवालाचं अख्खं पान एका दमात वाचलं. तात्यांनी भिंग खाली ठेवलं. हे वाचणं नव्हे, ही उतरणीला लागलेली बैलगाडी आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी तिला धंद्यातली रीत सांगितली. कागदावरची टिंबं वाचायची नसतात, वाजवायची असतात. स्वल्पविराम आला की टेबलावर एक टिचकी. पूर्णविरामाला दोन. अर्धविरामाला नखाचा ओरखडा. प्रश्नचिन्ह आलं की पेन्सिलीच्या बुडानं एक ठोका. शब्द तोंडानं आणि चिन्हं हातानं, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही.

दोन दिवसांत तिचा हात बसला. तात्यांना ती लय आवडायची. तिला मात्र ती नुसती लयच वाटत होती, बांगड्यांच्या जोडीला आणखी एक आवाज. तोवर, जोवर तो बैल आला नाही.

त्याच अहवालात शेतीच्या सहलीवर मुलांनी लिहिलेले निबंध होते. तात्या पाणी प्यायला उठले होते, म्हणून तिनं मनाशी एक ओळ लावून पाहिली. सोपे शब्द होते. 'व्हाइल द फार्मर वॉज ईटिंग द बुल रॅन अवे.' फार्मर म्हणजे शेतकरी. ईटिंग म्हणजे खाणं. बुल म्हणजे बैल. तिनं पुन्हा एकदा बोट ठेवून पाहिलं. शेतकरी बैल खात होता. तिनं कागद पालथा घातला. ज्या घरात अंड्याचं टरफलही कधी शिरलं नाही तिथली ती.

तात्या आल्यावर तिनं विचारलं, शाळेतली मुलं असलं कसं लिहितात, आणि मास्तर कसं चालवून घेतात. तात्यांनी भिंगातून पाहिलं आणि हसत सुटले. त्यांनी पेन्सिल घेतली, 'ईटिंग'च्या पुढं एक शेपटीवालं टिंब दिलं आणि म्हणाले, आता वाच, टिचकी देऊन.

तिनं वाचलं. व्हाइल द फार्मर वॉज ईटिंग. टिचकी. द बुल रॅन अवे.

शेतकरी जेवत होता, तेवढ्यात बैल पळाला.

"बघ पोरी," तात्या म्हणाले, "एका टिचकीनं बैल वाचला."

तिनं टिचकी काढून वाचलं, शेतकरी बैल खायला लागला. टिचकी देऊन वाचलं, बैल धूम पळाला. काढून, देऊन. शब्द तेच, जागा तीच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग मधल्या त्या एवढ्याशा टिंबानं केलं काय? दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती सिद्धाप्पाकडं गेली आणि तो खिळा कसा असतो ते दाखवा म्हणाली. त्यानं काळ्या चिमटीत एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. वजन जाणवलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या खणात फुंकर मारायला लागली.

घरीही तेच सुरू झालं. तिचा नवरा चन्नवीर एस.टी.त कंडक्टर होता, सोलापूर-अक्कलकोट-दुधनी गाडीवर. तो जेवायला बसला की ती समोर बसून वाक्यं सांगायची. एकदा तिनं स्वतः रचलेलं एक सांगितलं, 'व्हेन द कंडक्टर स्टॉप्ड द बस वेंट अहेड.' कंडक्टरनं बस थांबवली, असं चन्नवीर लगेच म्हणाला. नाही, ती म्हणाली, आणि ताटाच्या कडेवर बोटानं एकदा वाजवलं. कंडक्टर थांबला, टिचकी, बस पुढं गेली.

"कशी जाईल?" चन्नवीर म्हणाला. "डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर हलतोय व्हय?"

"हलतोय म्हणून तर वाक्य झालं की."

"आमच्यात एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. तुमच्यात एक म्हणजे जरा थांब आणि दोन म्हणजे कायमचं थांब. तुला गाडीवर ठेवली तर सगळी माणसं दुधनीऐवजी वळसंगलाच उतरतील."

मुली खिदळल्या. दाक्षायणीनं त्याला भाकरी वाढली आणि ताटाला दोन टिचक्या दिल्या. म्हणजे विषय संपला.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात दोन गोष्टी एकदमच झाल्या. तात्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेले, आणि बिराजदार सर आपलं हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले.

चनमल्लप्पा बिराजदार हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. किडकिडीत, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. इंग्रजी वाक्यातल्या विरामचिन्हांवर त्यांनी मुलांसाठी एक पुस्तिका लिहिली होती. मराठीतून समजावलेलं आणि इंग्रजी वाक्यांचा भरपूर सराव. पाचशे प्रती शाळा उघडायच्या आत हव्या होत्या. ते स्वतः पेपर तपासायला पुण्याला निघाले होते. मुद्रितं पाहायला आपण नसू, तुमचे तात्या आहेत तेव्हा काळजी नाही, असं म्हणून ते गेले. तात्या नाहीत हे रुद्रप्पांनी त्यांना सांगितलं नाही.

तात्यांनी जाताना आपल्या जागी दाक्षायणीचं नाव सुचवलं होतं. रुद्रप्पांना ते पचत नव्हतं. कॉलेज शिकलेला एक माणूस त्यांच्या नजरेत होता. तात्यांचे डोळे परत येतील की नाही कोण जाणे, आणि आले तरी हे वय. त्यांनी दाक्षायणीला बोलावून सरळ सांगितलं.

"हे एक पुस्तक तू बघ. नीट उतरलं तर तात्यांची खुर्ची तुझी. गोंधळ झाला, तर चटई हायच की."

ती हो म्हणाली, आणि हस्तलिखित छातीशी धरून घरी गेली.

छापखान्यात एक जुनी रीत होती. पुस्तकाचं मुखपृष्ठ, प्रस्तावना, सूचना असली सुरुवातीची पानं नेहमी शेवटी जुळवायची. लेखकाला ऐनवेळी कुणाचे तरी आभार मानायचे आठवतात, म्हणून ती पानं वेगळी बांधून मालकाच्या खणात ठेवायची. हस्तलिखित तिच्या हाती पडायच्या आधीच सिद्धाप्पानं ती तशीच ठेवली होती. दाक्षायणीच्या हाती आले ते थेट पाठ आणि सराव. दुसरी रीत तात्यांची. लेखक लिहिण्याच्या भरात विरामचिन्हं विसरतात, ती आपण घालायची, नाहीतर आपण कशाला आहोत, असं ते म्हणत. लग्नपत्रिकेपासून अहवालापर्यंत त्यांनी तीस वर्षं तेच केलं होतं.

तिनं पहिला सराव उघडला आणि थबकली. चोवीस वाक्यं, आणि एकातही टिंब नाही. दुसऱ्या सरावात तेच. तिसऱ्या आणि चौथ्यातही. चार सराव मिळून शहाण्णव वाक्यं, शेवटचा पूर्णविरामसुद्धा नाही. एवढा शिकलेला माणूस, पण किती विसरावं. तिला सरांची दया आली, आणि मग एकदम आनंद झाला. जणू कुणी शहाण्णव बैल तिच्या दारात आणून बांधले होते आणि म्हणत होतं, सोडव.

ती आठ दिवस दुसऱ्या कशातच नव्हती. तात्यांचा फाटका शब्दकोश मांडीवर, पेन्सिल कानावर. वाक्य आधी मोठ्यानं वाचायचं. मग कोण काय करतंय ते शोधायचं. 'आफ्टर वी लेफ्ट द वॉचमन लॉक्ड द गेट.' आपण वॉचमनला सोडून गेलो? मग कुलूप कुणी लावलं? आपण गेलो, टिचकी, वॉचमननं फाटक लावलं. आत्ता कसं. काही वाक्यं पहिल्या वाचनालाच सुटायची, काही दोन-दोन दिवस छळायची. भाजी चिरताना उत्तर सापडलं तर ती विळी आडवी ठेवून उठायची. बाजारात तोंडातल्या तोंडात पुटपुटत चालायची. चन्नवीरनं शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, की बायकोला काही झालेलं नाही, तिला पुस्तक झालंय. एका सकाळी 'हिज सिस्टर' म्हणजे कोण कुणाची बहीण आहे हे तिला न्हाणीघरात उमगलं आणि ती ओल्या केसांनीच बाहेर येऊन पेन्सिल शोधायला लागली. प्रत्येक वाक्य सुटलं की तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडायचं. असं तिला आयुष्यात कशानं झालं नव्हतं.

अडचण निघाली ती सिद्धाप्पाची. पाठांत स्वल्पविराम होतेच, त्यात हिचे. तिसऱ्या दिवशी खण रिकामा झाला.

"अक्का, संपले. आता बिनटिंबाचं चालव," तो म्हणाला.

"चालत न्हाय अण्णा. माणसं बैल खायला लागतात."

तिनं रॅककडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. बांधलेल्या मजकुरांत, लेबलांवरच्या पत्त्यांत आणि नावांत, किती स्वल्पविराम अडकून पडले असतील हे दोघांनाही माहीत होतं. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. तिनं त्याच्यापुढं एक स्टूल ओढलं आणि वॉचमनचं वाक्य दोन्ही प्रकारे वाचून, मराठीत सांगून दाखवलं. मग बैलाचं. मग त्याच्याच नावाचं एक वाक्य करून दाखवलं, ज्यात टिचकीशिवाय सिद्धाप्पा कंदील पेटवायच्या ऐवजी मालकाला पेटवत होता. सिद्धाप्पाला हसू आवरेना. त्यानं डोळे पुसले, उठला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा रॅकवरच्या एका लेबलाची सुतळी सोडली. चिमट्यानं एकेक स्वल्पविराम उपसून तिच्या ओंजळीत टाकत गेला, आणि त्या जागी छापात न उमटणाऱ्या कोऱ्या पट्ट्या भरत गेला.

सरावाची सोळा पानं मे संपता संपता छापून झाली. पाचशे कागद, प्रत्येकावर दोन्ही बाजू मिळून सोळाही पानं. वाळायला दोरीवर टांगले होते, आणि सगळ्या छापखान्यात शाईचा ओला वास होता, त्या दिवशी दुपारी बिराजदार सर पुण्याहून आले.

त्यांनी दोरीवरचा एक कागद काढला. वाचला. दुसरा काढला. तोही वाचला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे कुणी केलं?"

दाक्षायणी पुढं झाली. ती कौतुकाची वाट पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"बाई," सर म्हणाले, "ही चिन्हं मुलांनी घालायची होती."

रुद्रप्पांनी खणातून ते बांधलेलं सुरुवातीचं पान काढलं. त्यावर सरांच्या सुरेख अक्षरात एकच सूचना होती, सगळ्या सरावांसाठी मिळून: पुढील वाक्यं मुद्दाम विरामचिन्हांविना दिली आहेत, ती विद्यार्थ्यांनी योग्य जागी घालावीत. पान शेवटी जुळवायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. कुणी वाचलंच नव्हतं.

यंत्र थांबलं. शिवबाई चटईवरून उठून दारात आली. आधी तिनंच तोंडाला पदर लावला, मग सिद्धाप्पाच्या खांद्यांनी हसायला सुरुवात केली, पण रुद्रप्पांकडं बघून दोघंही गप्प झाले. रुद्रप्पा एवढंच म्हणाले, की सराव शाळेत जायच्या आधीच सोडवून झाले, आणि दाक्षायणीनं आता आत जाऊन घड्या घालाव्यात.

ती वळली. आत जायला चार पावलं होती. तेवढ्यात सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि कागद टेबलावर पसरला. सवय, दुसरं काय. समोर सोडवलेला सराव असला की शिक्षकाचा हात थांबत नाही. ते तपासायला लागले. एक, दोन, तीन, बरोबर, बरोबर. कागद उलटला. त्यांचा वेग वाढला. भुवया वर गेल्या. दाक्षायणी आत गेली नाही. ती भिंतीला टेकून त्या लाल पेनाकडं पाहत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, आपण घाबरलेलो नाही. आपल्याला किती बरोबर आलं ते ऐकायचं आहे.

"बाई, इकडं या," सर म्हणाले. "इथं स्वल्पविराम कशाला दिला? कर्ता इथं, क्रियापद इथं, मध्ये कुणी भिंत घालतं का?"

तिनं वाकून पाहिलं. "वाक्य लई लांब हाय की सर. तिथं दम लागला."

सर हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोक त्या जागी ठेवलं आणि म्हणाले, वाचणाऱ्याला दम लागतो तिथं हे द्यायचं नसतं, अर्थाला लागतो तिथं द्यायचं. अशा तीन जागा त्यांना सापडल्या, तिन्ही लांब वाक्यांत. दाक्षायणीनं तिन्ही पुन्हा मनात वाचली आणि मान हलवली. खरं होतं. तिथं तिचाच श्वास थांबला होता, वाक्य चालतच होतं.

चौथ्या जागी ते जास्त वेळ थांबले. 'द गर्ल्स हू हॅड पेन्स फिनिश्ड फर्स्ट.' ज्या मुलींकडं पेनं होती त्यांचं आधी झालं. हे वाक्य त्यांनी मुलांना चकवायला घातलं होतं, इथं एकही स्वल्पविराम लागत नाही. दाक्षायणीनं दोन दिले होते, 'हू'च्या आधी आणि 'पेन्स'च्या नंतर. त्यामुळं सगळ्याच मुलींकडं पेनं झाली होती.

"हे का?" त्यांनी विचारलं.

"परीक्षेला बसल्यात म्हटल्यावर पेनं असतीलच की सगळ्यांकडं," ती म्हणाली. "एखादी बिनपेनाची कशी जाईल? आई सोडंल काय?"

सरांनी वाक्य पुन्हा एकदा वाचलं. ते म्हणाले, त्यांच्या मनात काही मुलींकडं पेनं नव्हती, पण ते वाक्यात कुठंच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला कसं कळावं. वीस वर्षं हे वाक्य फळ्यावर लिहून ते मुलांची उत्तरं कापत आले होते. त्यांनी त्या जागी लाल पेन नेलं, आणि तसंच परत आणलं.

शहाण्णवात तीन चुकलेली. चौथं, ते म्हणाले, चुकलेलं नाही, दुसरं आहे.

रुद्रप्पांना त्याचं काय. पाचशे कागद वाया गेले होते आणि शाळा दहा दिवसांवर होती. तेव्हा दाक्षायणी बोलली. आधी सिद्धाप्पाकडं बघून बोलली, कारण त्याला ते लगेच कळलं असतं. जुळवलेला मजकूर अजून तसाच बांधलेला आहे. त्यातले स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळी चिन्हं काढून कोऱ्या पट्ट्या भरायच्या, की झाला सरांचा सराव, पुन्हा जुळवायला नको. आणि हे छापलेले कागद फेकायचे कशाला? ते पुस्तकाच्या शेवटी शिवायचे, म्हणजे झाली उत्तरं. पान नंबरही तेच. पाचव्या पानावरच्या सरावाचं उत्तर पाठीमागच्या पाचव्या पानावर.

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांचे सराव वहीत उतरवून नेलेले गावोगावचे शिक्षक दर वर्षी पत्रं पाठवून उत्तरं मागत, आणि सर रविवार घालवून हातानं लिहून पाठवत. पुस्तकात उत्तरं द्यावीत हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"म्हणजे माझी लेबलं पुन्हा पुरी होणार," सिद्धाप्पा म्हणाला आणि चिमटा शोधायला लागला.

"आणि ती तीन?" रुद्रप्पांनी विचारलं. "छापलेली टिंबं कशी पुसणार? फुंकर मारून?"

ब्लेडनं, दाक्षायणी म्हणाली. आपण खरवडू.

आणि तिनं खरवडली. पाचशे कागदांवरची तीन-तीन टिंबं, म्हणजे दीड हजार. शिवबाई दुसरं ब्लेड घेऊन आपणहून शेजारी बसली. कागद फाटू न देता शाई तेवढी उचलायची, मग नखाच्या पाठीनं जागा गुळगुळीत करायची. पहिल्या दिवशी बोटं सुजली. दुसऱ्या दिवशी हात असा बसला की बोलता बोलता टिंब उडायचं. प्रत्येक टिंबाला ती मनात वाक्य पुरं म्हणायची, त्या जागी न थांबता, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत एका दमात. पाचशेव्या कागदापर्यंत तिन्ही वाक्यं तिच्या हाडांत गेली. शिवबाईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण चौथ्या दिवशी तीही ती वाक्यं गुणगुणत होती, आणि बाइंडिंगच्या चटईवर तो आठवडा शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा गेला.

पुस्तिका सात जूनला बांधून तयार झाली. सूचनेचं पान या वेळी सगळ्यांनी वाचलं, सिद्धाप्पानं तर जुळवताना मोठ्यानं वाचलं. सरांनी आयत्या वेळी एक ओळ वाढवली, की मुलींच्या पेनांच्या वाक्याची दोन उत्तरं होतात आणि दोन्ही का होतात ते विद्यार्थ्यांनी सांगावं. आभारांत त्यांनी तात्यांचं नाव घातलं होतं, ते तसंच ठेवलं आणि त्यापुढं, एक स्वल्पविराम देऊन, सौ. दाक्षायणी असं लिहिलं. चन्नवीरनं ते पान अक्कलकोटच्या गाडीत कितीतरी दिवस तिकिटांच्या पेटीत ठेवलं आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला सुट्ट्या पैशांबरोबर दाखवलं.

रुद्रप्पांनी मात्र खुर्चीचं नाव काढलं नाही. जून गेला. दाक्षायणी घड्या घालत राहिली. कॉलेज शिकलेला तो माणूस एकदा येऊन छापखाना बघून गेला, त्या दिवशी तिनं दुपारचा डबा उघडला नाही. मग जुलैत मिरजेहून तात्यांचं कार्ड आलं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर, आणि त्यापुढं मुलाकडं मोडनिंबला राहायचं ठरलं आहे. खाली, जागा उरली नसतानाही, बारीक अक्षरात: त्या पोरीला चटईवर बसवू नका.

रुद्रप्पांनी कार्ड वाचून खिशात ठेवलं. एका चादरवाल्याच्या इंग्रजी पत्रकाची मुद्रितं तेव्हाच यंत्रावरून आली होती, शाई अजून ओली. ती त्यांनी तात्यांच्या टेबलावर ठेवली, वर पेन्सिल ठेवली, आणि आतल्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, की ते पत्रक संध्याकाळपर्यंत हवं आहे. कुणाला म्हणाले ते सांगितलं नाही. शिवबाईनं दाक्षायणीच्या हातातली हाडाची पट्टी काढून घेतली.

ती बाहेर आली. खुर्ची उंच होती, तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकले. तिनं ओला कागद दोन बोटांनी धरून वर उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत टेबलावर ठेवला. मग टेबलाच्या कडेला हात लावून ते हलतं का ते पाहिलं.

"मालक," ती म्हणाली, "हे जरा दाराकडं सरकवा की. हितं उजेड पडत न्हाय."